आप्पांचं ध्यान आणि गल्लीचा नळ

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कलेक्टर कचेरीच्याही आधी शहरात काय पोहोचलं असेल, तर आमच्या समोर राहणाऱ्या आप्पांचा राग. उस्मानाबादेहून फायलींच्या ट्रकबरोबर बदलून आलेले हे अव्वल कारकून. निम्म्या फायली तिकडेच राहिलेल्या, उरलेल्यांची सरमिसळ झालेली, आणि तक्रारी मात्र सगळ्या आप्पांच्या टेबलावर. ते ओरडले की रस्त्यापलीकडचा चहावाला म्हणे, "कचेरी उघडली." घरी चहात साखर कमी पडली तरी आवाज तोच. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन गल्लीत आले होते. समोरच्या घरात रोज भांडण होतं असं मला वाटे. ते एकटेच बोलत असतात, हे महिन्याभरानं कळलं.

एके दिवशी कचेरीतच ते भोवळ येऊन पडले. डॉक्टर तरुण होता. रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, रोज वीस मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसायला सांगितलं, आणि राग आवरला नाही तर पुढच्या वेळी माझा काही उपयोग होणार नाही, असं त्यांच्या बायकोसमोर, आमच्या काकूंसमोरच बजावलं. आज हे कोणीही सांगतं. तेव्हा ध्यान म्हणजे मठातल्या स्वामींचं काम. आप्पा तणतणले, "गोळीचं समजलं. पर बसून राहायला मी काय संन्यास घेतलाय का?" काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा कुठे ते तयार झाले.

ध्यानही त्यांनी कचेरीच्या कामासारखंच चालवलं. संध्याकाळी बरोबर सहाला ओट्यावर सतरंजी, समोर घड्याळ. एक डोळा उघडून कोणाची सायकल आडवी लागली आहे ते बघायचं, चिमण्यांना दटावायचं, कोणी भेटायला आलं तर स्वतःच सांगायचं, "ध्यानात हाय मी, नंतर या." गल्ली पदराआड हसायची. मीही हसले आहे.

मग दुष्काळ पडला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि तेही कधी येईल याचा नेम नाही. गल्लीला एकच नळ, तो आप्पांच्या ओट्याला लागून. पाण्याआधी त्यातून हवेची बारीक फुसफूस होई. डोळे मिटलेल्या आप्पांना ती सगळ्यांच्या आधी ऐकू यायची आणि ते हाळी द्यायचे, "या गं, आलं!" अशा रीतीनं आमच्या गल्लीत ध्यानाला मान मिळाला. हसणाऱ्या बायकाच आता विनवू लागल्या, "आप्पा, सकाळीबी बसत जावा की थोडं." आप्पा बसू लागले. रक्तदाब मात्र उतरेना. कसा उतरणार? मन श्वासावर कमी आणि नळावर जास्त. डॉक्टर मान हलवायचा आणि काकू घरी येऊन उरलेल्या गोळ्या मोजत बसायच्या.

नळाला पाणी येऊन गेल्याला तो आठवा दिवस होता. माझ्या घरात प्यायचं पाणी तांब्याभर उरलेलं. संध्याकाळी दारात काकू आल्या, अनवाणी, ओठांवर बोट ठेवून. मला वाटलं, आप्पांचं काही बरंवाईट झालं. त्या कुजबुजल्या, "पाणी आलंय. आवाज करू नकोस. आज लागलंय त्यांना ध्यान."

बाहेर गेले तर नळ वाहत होता आणि हातभर अंतरावर आप्पा बसले होते. कपाळावरची ती कायमची आठी गेलेली, तोंड जरासं उघडं. हा माणूस असा दिसतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. काकू घरोघर तशाच फिरल्या. कोणीतरी नळाच्या तोंडाला फडकं बांधलं, धारेचा आवाज होऊ नये म्हणून. हंडा फरशीवर वाजू नये म्हणून बायकांनी खाली चुंबळी ठेवल्या. एरवी नंबरावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी ठेवणाऱ्या आम्ही, खुणांनी पाणी भरत होतो. हळू भरल्यामुळे माझ्यापर्यंत येईतो धार आटली. अर्धाच हंडा मिळाला. राग आला, खोटं कशाला बोलू? पण मी ओरडले नाही.

आप्पांनी डोळे उघडले आणि ओली जमीन पाहिली. "पाणी येऊन गेलं? मला कसं ऐकू न्हाई आलं?" आवाज इतका हळू की तो त्यांचा वाटेना. ते माझ्या अर्ध्या हंड्याकडे बघत होते. मी हंडा डोक्यावर घेतला, भरलेला असावा तशी मान ताठ केली आणि म्हटलं, "भरलं आप्पा सगळ्यांनी. तुम्ही बसा."

आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. ओरडलेही, पण कमी. आता आप्पा-काकू दोघंही नाहीत. परवा डॉक्टरांनी मलाही रक्तदाबासाठी ध्यान सांगितलं. शेजारच्या सभागृहात त्याचा वर्ग भरतो, मऊ चटया असतात, कोणी हसत नाही. श्वासाकडे लक्ष द्या म्हणतात. माझं लक्ष आधी नळाकडेच जातं. मग ओठांवर बोट ठेवलेल्या काकू दारात येतात, आणि माझंही कपाळ हळूहळू सैल होतं.