समुद्रकाठचा ओळखायचा डाव

ज्या दिवशी आम्ही तिघं समुद्र पाहायला कारंज्याजवळच्या आमच्या इंझोरी गावाहून निघालो त्या दिवशी वाऱ्याला चांगलीच धार होती. मोटार वसंताच्या मामाची. मामांनी नवी घेतली, जुनी गोठ्यात पडली होती; वसंतानं पाया पडून ती मागून घेतली. वसंता वकिलाचा मुलगा, ब्राह्मण, अंगानं पैलवान, रंगानं तव्याच्या बुडासारखा. मोटार तोच चालवायचा आणि तोच बिघडवायचा. दुसरा लक्ष्मण. महार, अमरावतीच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेला, गोरा, चष्मेवाला, कपड्याला सुरकुती पडू न देणारा. कारंज्यात मुलांची शिकवणी घेतो आणि माझ्या पत्रकांतलं शुद्धलेखन तपासताना मला मनसोक्त शिव्या देतो. तिसरा मी, माळ्याचा पोर. बाप भाजीपाला पिकवून कारंज्याच्या बाजारात विकतो आणि मी त्याच बाजारात सहभोजनाची पत्रकं वाटतो. भाजी खपते.

निघताना मायनं गूळ-पाणी दिलं. मी आणि वसंता तांब्या तोंडाला लावून प्यालो. लक्ष्मण अंगणात वाकला, ओंजळ केली, मायनं वरून धार धरली. "येतो माय," तो म्हणाला. "सांभाळून जा बाप्पा," ती म्हणाली. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. माय लक्ष्मणवर जीव टाकते, त्याच्या शिकवणीचं कौतुक गावभर सांगते, पण तांब्या त्याच्या हातात देत नाही. मोटारीत बसल्याबरोबर मी जाहीर केलं, की परत येईन तेव्हा लक्ष्मण माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी जेवेल. नाहीतर मी पत्रकं छापणं सोडीन.

"छापनं सोड," लक्ष्मण म्हणाला. "निदान माह्या डोक्याचा ताप तरी जाईन."

वाटेसाठी करार असा ठरला, की जिथं तिघांना एका पंगतीत वाढणार नाहीत तिथं कोणीच जेवायचं नाही. अकोल्यापर्यंत करार फार उदात्त वाटला. नाशिकच्या पुढं पोटात कावळे ओरडायला लागले. दोन ठिकाणी आम्ही खरं सांगितलं आणि दोन्ही ठिकाणाहून उपाशी उठलो. मायनं दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा पनवेलला संपला. तेव्हा मोटारीला टेकून लक्ष्मणनंच ही शक्कल काढली.

"खरं सांगायचं, पन अर्धं. आमच्यात एक महार आहे म्हनायचं. कोन ते तुमी ओळखा. ओळखलं तर आमी उपाशी जाऊ. चुकले तर तिघायले एका पंगतीत वाढा."

मला हे पोरकट वाटलं. वसंताला इतकं आवडलं, की तो हसता हसता रस्त्याच्या कडेच्या चरात पडला.

अलिबागला पहिला समुद्र दिसला. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चकाकणारी गोष्ट. इथं ते डोळ्यात मावेना. वाळूवर थंडीतही उघडी पोरं लोळत होती. लक्ष्मण धोतर वर खोचून सरळ आत गेला, ओंजळ भरून प्यायला आणि थुंकला.

"कोनाचं आहे हे पानी?"

"कोनाचंच नाही," मी म्हणालो.

"मंग बरोबर. ज्याच्यावर कोनाचा हक्क नाई ते पिताच येत नाई."

गावात एका खाणावळीसमोर थांबलो. मालक शेंडीवाले, पोट पुढं, गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर शेरे मारत होते. मी आमचा डाव मांडला. आत जेवणारे हात थांबवून ऐकू लागले. मालकांना चेव चढला.

"अहो, मला काय विचारता? माणूस उंबऱ्यात उभा राहिला की मी जात सांगतो."

त्यांनी आमच्याभोवती एक फेरी मारली. माझा सदरा पाहिला, लक्ष्मणचा चष्मा पाहिला आणि वसंताच्या छातीवर बोट ठेवलं. वसंता सकाळपासून मोटारीखाली पडलेला. तोंडाला काजळी, बाह्या वर, दंडावर तेल.

"हा!"

आता समतेचा पुरस्कर्ता वसंता काय करील? त्यानं गळ्यात हात घातला आणि सर्रकन जानवं बाहेर ओढलं. मालकांच्या नाकासमोर धरलं. आतली पंगत अशी हसली, की एकाला ठसका लागला. मालक शब्दाला बांधले गेले होते. पंगत मांडली, पण ओटीवर, दाराबाहेर. लक्ष्मणनं तीनदा आमटी मागितली आणि प्रत्येक वेळी मालकांचं नाव घेऊन मागितली.

मोटारीत वसंता फुगून बसला. "माह्यात काय दिसलं त्याले?"

"माह्यात रोज दिसते तेच," लक्ष्मण म्हणाला. "एकदा दिसलं तर जानवं काढून राह्यला. माह्या खिशात तर तेही नाई."

रेवदंड्याच्या खाडीवर पूल नाही. दोन होड्या एकत्र बांधून वर फळ्या टाकतात आणि त्यावर मोटार चढवतात. मोटार चढवताना वसंताचा पाय चिखलात गेला आणि चप्पल तिथंच राहिली, ती कोकणच्या हवाली. पलीकडं एक कोळीण चुलीवर कालवण (माशाचा रस्सा) करत होती. वासानं माझे पाय तिकडं वळले. तिला डाव सांगितला तर तिनं पळी हवेत धरली आणि क्षणात मला दाखवलं.

"ह्यो. याचं पायताण बघ की."

"मी माळी आहे!" माझ्या तोंडून गेलं. इतक्या जोरात, की खाडीवरचे बगळे उडाले. सहभोजनाची चार पत्रकं लिहिलेला मी! लक्ष्मण आणि वसंता एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते.

"माळी असशील नायतर राजा असशील," कोळीण म्हणाली. "मी हरले ना? मंग बसा, भात निवतोय." तिनं तिघांना एकाच थाळ्यात वाढलं. वसंतानं रश्शाकडं पाठ करून मीठभात खाल्ला. मी आणि लक्ष्मणनं काटे चोखले. मला मात्र भाकरीची इतकी आठवण आली, की भाताच्या ढिगाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. या लोकांची दातांना काही काम द्यायची रीतच नाही.

मुरूडच्या वाटेला डाव्या हाताला डोंगर, उजवीकडं समुद्र आणि मधे नारळाच्या वाड्या (नारळ-सुपारीच्या बागा). एका वाडीपाशी मोटारीचं पाणी उकळलं. म्हातारे बागवाले पाटाच्या (बागेला पाणी नेणाऱ्या चराच्या) कडेला बसून सुपारी सोलत होते. काही न विचारता उठले आणि कळशी भरून मोटारीच्या तोंडात ओतली.

"मोटारीची जात कोनी इचारली नाई," लक्ष्मण माझ्या कानात म्हणाला.

आता आम्हाला माज आला होता. दोन डाव जिंकलेले, भूक लागलेली, घरातून फोडणीचा वास येत होता. मी डाव मांडला. म्हाताऱ्यांनी नीट ऐकून घेतलं.

"ओळखतो की. पण दमून आलात. आधी पाणी घ्या."

त्यांनी आतून तांब्या आणला. वसंतानं घेतला, तोंडाला लावून घटाघटा प्याला. मी प्यालो. म्हाताऱ्यांनी तांब्या पुन्हा भरून लक्ष्मणपुढं धरला, अगदी हातात देण्यासारखा. आणि लक्ष्मण वाकला. त्याची ओंजळ आपोआप तोंडाशी गेली.

म्हाताऱ्यांनी तांब्या तसाच धरून ठेवला. "हे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "नियम तुमचाच आहे हो."

आम्ही उपाशी निघालो. समुद्र उजव्या हाताला होता, पण कोणी त्याकडं पाहिलं नाही. मी म्हाताऱ्यांवर एक जळजळीत पत्रक मनात जुळवत होतो. शेवटी लक्ष्मणच हसला.

"काय तोंड पाडून बसले रे? हातानं घात केला. माह्या ताब्यात नाई ते."

"सवय सोडायला पाहिजे," मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

"सवय?" त्यानं चष्मा पुसला. "हे हात तुह्या अंगनात शिकले, भाऊ."

मनातलं पत्रक तिथंच थांबलं. पुढचा डाव मांडलाच नाही; वसंतानं त्याच संध्याकाळी मोटार माघारी वळवली. परतीच्या वाटेवर आम्ही पेरू, फुटाणे आणि गाजरं खाल्ली. ते विकणाऱ्यांना पंगत लागत नाही.

इंझोरीला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मोटारीचा आवाज ऐकून माय गूळ आणि तांब्या घेऊन बाहेर आली. वसंतानं खूण केली. आम्ही तिघंही अंगणात ओळीनं वाकलो आणि तिघांनीही ओंजळ धरली.

"अगं बाई, तुमाले का झालं?" माय हसली. मग लक्ष्मणकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तिचं हसू गेलं. "काहून सोंग करून राह्यले?"

"तांब्या दे, माय," मी म्हणालो. "नाहीतर तिघायलेही वरून ओत."

तिनं तांब्या ओट्यावर ठेवला. "घ्या आपल्या हातानं. माही भाकरी करपून राह्यली." आणि आत गेली.

लक्ष्मणनं तांब्या उचलला. सावकाश तोंडाला लावला. त्याच्या मागून मी आणि वसंता त्याच तांब्यातून प्यालो, आणि मला वाटलं, सगळं कोकण जिंकून आलो. मी त्याला दंडाला धरून आत नेणार, इतक्यात माय आली, रिकामा तांब्या उचलला आणि मोरीपाशी बसली. मूठभर राख घेतली.

लक्ष्मण दारातून पाहत होता. तोंडावर तेच मिस्कील हसू.

"ओळख बरं," तो हळूच म्हणाला. "तिघांपैकी कोनाचा तांब्या घासून राह्यली माय?"

मी ओळखलं. आणि नियम आमचाच होता. आतून भाकरीचा खमंग वास येत होता, आठवडाभर ज्याची स्वप्नं पाहिली ती भाकरी. आम्ही तिघंही उपाशी निघालो. माय मागून हाका मारत राहिली.

वाचकहो, समुद्र खरोखर मोठा आहे, जाऊन पाहा. मी मात्र तेव्हापासून कारंज्यात लक्ष्मणच्या खोलीवर जेवतो. भाजीची टोपली घेऊन बाप बाजारात येतो आणि माझ्याकडं न पाहता उभा राहतो. पण काल माय स्वतः आली. लक्ष्मणच्या दारात उभी राहिली, कोणाकडंच न पाहता म्हणाली, "वांग्याची भाजी करून राह्यली उद्या. तिघंही या."

ती गेल्यावर मी लक्ष्मणकडं पाहिलं. तो माझ्या नव्या पत्रकातल्या चुकांवर तांबड्या शाईनं रेघा मारत होता.

"जाऊ," तो मान वर न करता म्हणाला. "पन ह्या टायमाले पयले मी पिनार, मंग तू, मंग वसंता, मंग माय. आन मधात कोनी तांब्या घासाचा नाई."