कोणानंतर कोण

माझी मावशी नगरपालिकेत हेडक्लार्क आहे आणि मी तिच्याच हाताखाली जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर. घरी मी तिला अगं-तुगं करते, ऑफिसात ‘मॅडम’ म्हणते. एकदा चुकून भर ऑफिसात ‘मावशी’ अशी हाक मारली, तर तिने माझा रजेचा अर्ज चार दिवस पेपरवेटखाली दाबून ठेवला. आईकडे तक्रार केली, तर आई म्हणाली, “बरं झालं. लहानपणी मलाही ती असंच करायची.”

मावशीबद्दल सांगायचं म्हणजे तिच्या वहीबद्दल सांगावं लागेल. खाकी पुठ्ठ्याची पातळ वही, वर तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं: ‘कोणानंतर कोण’. ही वही नगरपालिकेच्या गळी उतरवायला तिला नऊ वर्षं लागली. माझं तर नऊ दिवसांत डोकं फिरलं असतं.

वहीची सुरुवात बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा मावशी आवक-जावकच्या टेबलावर बसायची, खिडकीजवळ, ऑफिसातला एकुलता एक चालू फोन तिच्या कोपराशी. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, पंपहाऊसवर ऑपरेटर होते. पंपहाऊस नदीला अगदी चिकटून आहे. नियम असा, की लेखी आदेश आल्याशिवाय ऑपरेटरने जागा सोडायची नाही, कारण त्याने पंप सोडला की अख्ख्या गावाचं पाणी बंद. काका नियमाचे पक्के. घरातसुद्धा वेळेआधी जेवायला बसायचे नाहीत.

एका दुपारी एक वाजता वरच्या धरणावरून निरोप आला. दरवाजे उघडतोय, पाणी चार तासांत तुमच्याकडे पोचेल, नदीकाठची वस्ती रिकामी करा. वस्ती रिकामी करायला आदेश हवा, आदेशावर अध्यक्षांची सही हवी, आणि अध्यक्ष गेले होते दौऱ्यावर, एका दिवसाच्या प्रवासाइतके लांब. उपाध्यक्ष नेमके त्याच दिवशी ऑपरेशन टेबलावर. राहिले तीन सभासद. ते सभागृहात बसले आणि सही करायचा अधिकार कोणाला, यावर त्यांनी वाद घातला. एक म्हणाला मी ज्येष्ठ, दुसरा म्हणाला मला मतं जास्त, तिसरा म्हणाला उद्या कोर्टात कोणी खेचलं तर? शिक्का अध्यक्षांच्या कपाटात, कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात. बसडेपोचा मॅनेजर फोनवर म्हणे, शिक्क्याचं पत्र आणा, गाड्या घेऊन जा.

काकांनी दोन वाजता फोन केला. “पाणी चढतंय. निघू का?”

मावशी म्हणाली, “थांबा, सही होतेय.”

तीन वाजता परत फोन. “थांबा, सही होतेय.” साडेचारला परत, आणि तेव्हाही तिने तेच सांगितलं, कारण आतून तिला तेच सांगायला सांगितलं होतं. सही पाच वाजून दहा मिनिटांनी झाली. शिक्का कपाट फोडून काढला. वस्तीतली माणसं तोवर आपापली पळून वाचली होती, त्यांना कोणाच्या कागदाची गरज नव्हती. कागदाची वाट बघत थांबलेला माणूस एकच होता. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

मावशी तेराव्या दिवशी कामावर आली. सगळ्यांना वाटलं बदली मागेल, निदान त्या फोनजवळची जागा तरी बदलून घेईल. तिने एक नवी वही काढली.

वहीत होतं काय? म्हटलं तर काहीच नाही. अध्यक्ष नसतील तर कोण, तो नसेल तर कोण, त्याच्यानंतर कोण. प्रत्येक पदाखाली चार नावं. प्रत्येकाचा फोन, शेजाऱ्याचा फोन, राहतो नदीच्या अलीकडे की पलीकडे. पहिल्या दोघांनी एका गाडीतून प्रवास करायचा नाही. तीन वेळा फोन करायचा, दहा मिनिटांत उत्तर नाही तर पुढचा, त्यात कोणी रुसायचं नाही. अधिकार फक्त वस्ती हलवण्यासारख्या चार तातडीच्या कामांपुरता, आणि वरचा माणूस आला की संपला. शिक्के तीन, तीन वेगवेगळ्या जागी. आणि आदेशाची पहिली प्रत पंपहाऊसला. हे शेवटचं कलम तिने का लिहिलं, ते कोणी विचारलं नाही.

शेंबडं पोरही समजेल असं हे काम. पण आपल्या माणसांना एक खोड असते. ‘तुमच्यानंतर कोण’ विचारलं की त्यांना ऐकू येतं ‘तुम्ही कधी जाताय’. अध्यक्ष भडकले. “माझ्यानंतर कोण म्हणजे? मी कुठे चाललोय?”

मावशी म्हणाली, “साहेब, तुम्ही शंभर वर्षं जगा. पण मधे कधी दाढ दुखेल की नाही?”

“मी बसलोय तोवर माझी खुर्ची वाटून घेताय तुम्ही!”

झालं. उपाध्यक्षांना चार जणांच्या यादीत आपलं नाव बघून आनंद झाला, पण तो दाखवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनीही विरोध केला. तिसऱ्या क्रमांकावर टायरच्या दुकानाचे मालक होते. त्यांना आम्ही मागे ‘होपण’ म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘हो, पण’ने सुरू होतं. “हो, पण मला तिसरा का ठेवलाय?” आणि दुसरा ठेवला असता तर? “हो, पण जबाबदारी कोणाची?”

आठ वर्षं दरवर्षी मावशीने विषय सभेपुढे ठेवला आणि दरवर्षी तो ‘पुढील सभेत’ गेला. ऑफिसात तिची टिंगल व्हायची. “बाई, आमच्यानंतर चहा कोणाला?” असं एक कारकून रोज विचारायचा. मावशी शांतपणे त्याच्या हातचा कप काढून पुढच्या टेबलावर ठेवायची. मला संताप यायचा. तिला नाही यायचा. ती म्हणायची, “चिडून सही होत नाही गं. दमवून होते.”

नवव्या वर्षी खरंच अध्यक्षांची दाढ दुखली. डॉक्टरांनी सभेच्या दिवशी सकाळीच ती उपटली आणि साहेब तोंडात कापसाचा बोळा घेऊन सभेला आले. बोलता येईना. सभा सुरू झाली असं अध्यक्षांनी स्वतः म्हणायचं असतं. ते हातवारे करू लागले. एक म्हणाला, उपाध्यक्षांनी म्हणावं. दुसरा म्हणाला, अध्यक्ष हजर असताना उपाध्यक्ष कसे म्हणतील? तिसऱ्याने सुचवलं, साहेबांनी बाहेर जावं म्हणजे ते गैरहजर होतील. साहेबांनी कापसाआडून काहीतरी उद्गार काढले, ते इतिवृत्तात घेण्यासारखे नव्हते. सव्वा तास गावाचा कारभार एका दाढेवर अडून बसला.

तेव्हा मावशी उठली आणि वही साहेबांच्या पुढ्यात ठेवली. हसली नाही. साहेबांनी वहीकडे बघितलं, गालाला हात लावला आणि सही केली. मग उपाध्यक्षांनी सभा सुरू केली आणि सभेने ती वही एका आवाजात मंजूर केली.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी सराव. मावशी सकाळी दहाला अध्यक्षांना फोन करायची, “साहेब, आज तुम्ही नाही आहात.” साहेबांनी घरी बसायचं आणि खालच्यांनी काम करून दाखवायचं. सुरुवातीला साहेब दर पाच मिनिटांनी फोन करायचे, “मी नाहीये ना? मग चाललंय काय तिकडे?” हळूहळू सवय झाली. पुढेपुढे तर ते म्हणायला लागले, परत कधी नसणार आहे मी, जरा झोप तरी होते.

अडीच-तीन वर्षं असं चाललं. यंदा एका सरावानंतर वही बंद करताना मी सहज विचारलं, “मॅडम, वही वाचायला तुम्हीच नसलात तर? तुमच्यानंतर कोण?”

ती फटकन म्हणाली, “माझ्यानंतर कोण म्हणजे? मी कुठे चाललेय?”

मला हसू फुटलं. तिला आधी राग आला आणि मग आपण काय बोललो ते कळलं. चेहराच उतरला तिचा. गावातल्या एकूण एक खुर्चीमागे चार माणसं उभी केली होती हिने, आणि हिच्या खुर्चीमागे नुसती भिंत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, घरीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर माझं नाव होतं. खाली एक ओळ: ‘वही वाचणाऱ्याने काम संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.’

“मी आठ दिवस रजेवर,” ती म्हणाली. “फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवणार आहे. काहीही होवो.”

“अगं, पण खरंच काही झालं तर?”

“तर तू आहेस.” आणि गेली. ती राहते नदीकाठच्याच वस्तीत, काकांनी बांधलेल्या दोन खोल्यांत. आईने किती वेळा सांगितलं, सोड ते घर. ती म्हणते, पाणी आलं की मी जाईन, पाणी गेलं की मी येईन, त्याच्यासाठी घर कशाला बदलायचं?

रजेच्या चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी धरणावरून फोन आला.

खरं सांगते, हात आपोआप मावशीचा नंबर फिरवू लागला. तिचा फोन डब्यात पिठाखाली होता. मग मी वही उघडली.

अध्यक्ष. त्यांच्या पत्नीने उचलला, “साहेबांना काल रात्रीच दवाखान्यात ठेवलंय, ताप डोक्यात गेलाय, बडबडतायत.” उपाध्यक्ष. “मी पलीकडे अडकलोय, पूल बंद केला पोलिसांनी. माझी वाट बघू नका, पुढच्याला लावा.” बारा वर्षांपूर्वी हाच माणूस म्हणाला असता, मी येईपर्यंत काही करू नका.

पुढचा होपण. दुकानात हवा भरायच्या यंत्राचा आवाज चालू होता. मी म्हणाले, “साहेब, वहीत आता तुमचा नंबर आहे.”

तिकडचा आवाज थांबला. मी ‘पण’ची वाट बघत होते.

“हो,” ते म्हणाले. “आलोच.”

काळे हात पँटला पुसत ते आले, आदेश वाचला आणि सही केली. अकरा वीस. शिक्का जागेवर होता. बसडेपोच्या मॅनेजरने फोनवर फक्त आदेशाचा क्रमांक विचारला. पहिली प्रत घेऊन शिपाईदादा स्कूटरवर पंपहाऊसला गेले, बाकीच्या गल्लीगल्लीत वाटल्या. मावशीच्या गल्लीत सफाई निरीक्षक गेले. मला जायचं होतं. पण मला खुर्ची नेमून दिली होती.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. पाणी सव्वादोनला पंपहाऊसच्या छपरावरून गेलं. आत कोणी नव्हतं.

सव्वाबाराच्या सुमाराला नदीकाठची माणसं आमच्या ऑफिसवरून वरच्या शाळेकडे चढायला लागली. त्यांत मावशी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आदेशाची प्रत. माझ्या खिडकीपाशी येऊन बाहेरच थांबली.

“आत ये ना मावशी!”

“मी रजेवर आहे,” ती म्हणाली. ऑफिसात मावशी म्हटलेलं तिने त्या दिवशी सोडून दिलं. प्रत डोळ्यांजवळ धरून बघितली. “वेळ लिहिलीय. शिक्का सरळ आहे. ठीक.” मग गजाला धरून म्हणाली, “पहिली प्रत?”

मी पोच-वही गजांतून पुढे केली. पंपहाऊस, ऑपरेटरची सही, अकरा बत्तीस. तिने त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

“सहीपासून बारा मिनिटं,” ती म्हणाली.

तेवढ्यात व्हरांड्यातून तो ऑपरेटरच आला. धट्टाकट्टा, चहाचा ग्लास हातात, आणि तोंडाने कुरकुर. “बाई, तुम्हीच सांगा आता यांना. शिपाई आला आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता निघ. पाणी अजून पायऱ्यांच्याही खाली होतं! माझा डबा राहिला तिथे. डबा घेण्याएवढासुद्धा वेळ देऊ नये माणसाला?”

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. “डबा राहिला?”

“राहिला ना! एवढी काय घाई होती?”

ती हसली. मग तिचा चेहरा हलला आणि ती रडायला लागली, तिथेच, रस्त्यावर, सगळ्या वस्तीसमोर. बारा वर्षांत या ऑफिसाने तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. ऑपरेटर बिचारा घाबरला. “अहो बाई, डब्याचं काय एवढं...” तिने पिशवीतून आपला डबा काढला आणि त्याच्या हातात दिला.

मलाही रडू आवरेना. मी गजांतून हात बाहेर काढला, पण तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून उठून बाहेर धावणार होते.

“बस खाली,” ती डोळे पुसत म्हणाली. “खुर्ची सोडायची नाही.”

मी बसले. फोन वाजत होता, तो उचलला.