जिचं नाव घ्यायचं नाही तिच्या गावाला

मार्कंड्याच्या जत्रेला जाताना डोक्याला बांधायला दुपट्टा न्या, असं मागच्या खेपेला मी बजावून सांगितलं होतं. तुम्ही गेलात, दुपट्टा घरी ठेवून गेलात, आणि वरून मलाच कळवता की आजी, ऊन फार लागलं. तुमचं बरं आहे. वाचता येतं म्हणून विसरायची सोय आहे. पुन्हा काढायचं, पुन्हा वाचायचं. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि माझी सून फोनवर उतरवून तुम्हाला पाठवते. मी ‘मले’ म्हटलं की ती गुपचूप ‘मला’ करते. करू दे. मास्तरीणबाईंची आई आहे ती.

या मास्तरीणबाई म्हणजे माझी नात पल्लवी. यंदा पावसाळ्यात तिला हेमलकशाच्या पुढे, जंगलातल्या एका शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला. तिथली पोरं घरी माडिया बोलतात. पल्लवीला माडिया येत नाही, पोरांना मराठी येत नाही. सकाळी शाळा भरते, दोन्ही बाजू एकमेकींकडे बघतात, खिचडी खातात, शाळा सुटते. रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढून ती फोन करायची. एक दिवस म्हणाली, “आजी, एकबी पोरगं माह्याशी बोलत नाई. दिवाळीपर्यंत पाहीन, नाई तं राजीनामा देऊन घरी येईन.”

मी म्हटलं, “घाई नोको करू. माही सई हाय तिकडं. तिले दोन्ही बोल्या येतात. ते शिकवन तुले.”

ही सई लहानपणची. माझा बाप बैल घेऊन आलापल्लीच्या जंगलात सागाचे लठ्ठे ओढायच्या कामावर जायचा, तेव्हा आम्ही लाकडाच्या डेपोजवळ झोपडी घालून राहायचो. तिथे एका माडिया मुलीशी मी सई बांधली. बांधायची म्हणजे काय, तर मोठ्या माणसांसमोर दोघींनी एकमेकींना एकच फळ भरवायचं. आम्ही चारोळी भरवली. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. ती मला चारोळी म्हणणार, मी तिला चारोळी. आणि दोघींतली एक गेली, तर मागे राहील तिने ते फळ पुन्हा तोंडात घालायचं नाही. लहान होतो. मरणाबिरणाचं ऐकून हसलो होतो.

पल्लवी प्रशिक्षणासाठी गडचिरोलीला आली होती. मी ब्रह्मपुरीहून एसटीने तिला जाऊन मिळाले. बायांना अर्धं तिकीट आहे, माझ्या वयाला तेही लागत नाही. आधार कार्ड मात्र न्या, कंडक्टर चेहऱ्यावर विश्वास ठेवत नाही. आरमोरीच्या अलीकडे वैनगंगा लागते. पाणी गढूळ होतं, आभाळ त्याहून गढूळ. स्टँडवर पल्लवी पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत चित्रांची कार्डं, गाण्यांची पुस्तिका आणि शब्दांचं एक जाड पुस्तक. म्हटलं, एवढं दिलं तर मग रडतेस कशाला?

“पुस्तक माडियाचं नाई, दुसऱ्या भागाच्या गोंडीचं हाय, आजी,” ती म्हणाली. “आमच्या पोरायले त्यातलं अर्धं कळत नाई. अन् फोनवर पाठवलेल्या गोष्टी तिथी उघडत नाईत.”

तेव्हा तिकडे नेमणूक झालेल्या मास्तरांनो, ऐकून ठेवा. ऐकायच्या गोष्टी, गाणी, जे काही असेल ते आलापल्लीच्या आतच फोनमध्ये उतरवून घ्या. पुढे फोन फक्त बॅटरी म्हणून उपयोगी.

आष्टीनंतर रस्त्याने माझी हाडं मोजली. लोखंडाचे दगड भरलेले ट्रक एकामागे एक, लाल चिखल, खिडकी बंद केली तर घाम आणि उघडली तर शिंतोडे. आलापल्लीला उतरले तर माझ्या ओळखीचं काही राहिलं नव्हतं. झोपडी होती त्या बाजूला मोबाइलची दुकानं. साग तेवढा उभा आहे, पण सागाला काय विचारणार? रात्री स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. चादर आपली न्यावी. जेवण साधं, वरण गरम.

सकाळच्या भामरागडच्या गाडीने निघालो. दोन्हीकडे झाडी इतकी दाट की दिवस उगवला की नाही कळू नये. हेमलकशाजवळ उतरून आधी आठवडी बाजार गाठला, कारण माणूस शोधायचा तर बाजारात शोधावा. सुकी मासळी विकणारा एक जण मराठीही बोलत होता, माडियाही.

“भाऊ, माही सई शोधून राह्यली.”

“नाव काय बाई तिचं?”

“नाव घेता येत नाई.”

“मंग गाव सांगा.”

“नाल्यापलीकडचं.”

“इथी सारीच गावं नाल्यापलीकडची हायेत.”

पल्लवी म्हणाली, “आजी, माह्या कानात सांग. तू घेऊ नोको, मी घेतो तिचं नाव.”

तिने कान पुढे केला आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. इतकी वर्षं ते नाव तोंडात नाही, मनातही नाही. ठेवलं होतं तिथे हात घातला तर जागा रिकामी. पल्लवी हसली. मग माझ्याकडे बघून तिने हसणं थांबवलं.

मी मासळीवाल्याला म्हटलं, “मी तिले चारोळी म्हणतो.”

त्याने तराजू खाली ठेवला. “जैनीची सासू. ते बी कोणाले तरी चारोळी म्हणे. तिची सई धानाच्या मुलखातली हाय म्हणे.”

“चारोळी म्हणे? आता नाई म्हणत?”

“आता नाई बोलत, बाई. पोळ्याच्या आधी वारं गेलं अंगावरून.”

गाव पल्लवीच्या शाळेजवळच निघालं. मधे फक्त एक नाला; तिथली पोरं तिच्याच वर्गात येतात. म्हणजे दोन महिने ती जिच्या हाकेच्या अंतरावर होती, ती माझी चारोळी. जीपवाला नाल्याच्या अलीकडे सोडतो. त्याच्याशी आधीच बोलून घ्या, नाहीतर परतताना तो दिसत नाही. पाणी गुडघ्याएवढं होतं. पल्लवीने माझा हात धरला आणि पुस्तकांची पिशवी डोक्यावर घेतली.

ओसरीत खाटेवर ती पडली होती. मी ओळखलं नाही. तिचे डोळे माझ्यावर आले आणि तिथेच थांबले. तिची सून जैनी बाजारात शिकलेल्या मराठीत म्हणाली, “आईकते सारं. तोंड नाई चालत.”

पल्लवीने फोन काढला होता, आवाज भरून घ्यायला. तिने तो थोडा वेळ तसाच चालू ठेवला. तिने पाठवलेला तो आवाज घरी आल्यावर मी ऐकला. त्यात कोंबड्या आहेत आणि कोणीतरी श्वास घेतंय.

दोन्ही भाषा नीट येणारी एकच बाई मला ठाऊक होती आणि तिचं तोंड मिटलं होतं. पल्लवी खांबाला टेकून बसली. तिचा चेहरा बघून मला कळलं की ही दिवाळीचीही वाट बघणार नाही.

मग मीच बोलू लागले. जेवढं आठवत होतं तेवढं माडियात. पाण्याला ‘एर’ म्हणतात ते आलं, आंबिलीला ‘जावा’ ते आलं. पुढे वाकडं बोलायला लागले तशी तिच्या डाव्या हाताने माझ्या मनगटावर चापट दिली. लहानपणी अशीच द्यायची. पुन्हा चुकले, पुन्हा चापट. एव्हाना अंगणात पोरं जमली होती. म्हातारी म्हातारीचा मार खाते, हे त्यांनी कुठे पाहिलं असणार. एक मुलगी हसत बरोबर शब्द ओरडली. मग दुसरा पोरगा. मग सगळी. पल्लवी खांबापासून सरकत त्यांच्यात जाऊन बसली. तिने एक शब्द मुद्दाम चुकवला की खरंच चुकली, मला माहीत नाही; पोरं तिच्यावरही ओरडली. पिशवी बांधलेलीच राहिली.

जैनीने जावा दिली. चारोळीला मी बोटाने भरवली. अर्धी ओठाच्या कडेने वाहून गेली.

निघताना तिचा हात मनगटावरून सुटेना. जैनीने सोडवला. पल्लवीला मी एवढंच सांगितलं, “रोज शाळा सुटली का इथी येऊन बसत जा. चुकत जा.”

परतीच्या रस्त्याचं सांगण्यासारखं काही नाही. तेच ट्रक, तोच चिखल. मी दोन्ही दिवस झोपेचं सोंग घेतलं.

मग दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी पल्लवीचा फोन आला. टेकाडावर वारा होता, तुटक ऐकू येत होतं. वर्गात हजेरी घेताना एक मुलगी आपणहून उठली, जवळ आली आणि माडियात तिच्याशी बोलली. पहिल्यांदाच. पल्लवीला सगळं समजलं, एकही शब्द विचारावा लागला नाही.

“काय म्हणली?” मी विचारलं.

“म्हणली, बाई, म्हातारी रातच्याले मेली.”

मग पल्लवी म्हणाली की जैनीला तिने सासूचं नाव विचारून ठेवलं आहे, तुला सांगू का. मी नको म्हटलं. राजीनाम्याचं तिनेही काढलं नाही, मीही नाही. तिला शाळेत परत जायचं होतं. पोरं वाट बघत असतील म्हणाली.

तुमच्यापैकी कोणाला त्या शाळेला काही द्यायचं असेल, तर पुस्तकं सध्या राहू द्या. पातळ पोहे आणि भाजलेले शेंगदाणे पाठवा, पल्लवी चिवडा करून पोरांना वाटेल; जैनीसाठी थोडा गूळ वेगळा बांधा. आणि दरवर्षी दिवाळीला मला करंज्या पाठवता, त्या यंदाही पाठवा. खोबरं भरपूर घाला, खसखस घाला, वेलची घाला. चारोळी घालू नका.