कुंकवाच्या ठिपक्याची तार

"आवाज कोनाचाई असो, तार कोनती ते पाह्य." भागीरथाबाईचं हे बोलणं सावनेरकडच्या त्या कोळसा खदानीत सगळ्यांना पाठ होतं. तिच्या मागं तिची नक्कल करून लोक हसत. हसोत बापडे.

तिचा नवरा शालिकराम खाली केबल जोडत असताना कोणीतरी फोनवर "काम झालं" म्हणालं आणि वरून वीज सोडली गेली. कोण म्हणालं, ते कधी उमगलं नाही. त्याच्या जागी हिला नोकरी मिळाली. फोनच्या लाकडी बोर्डापुढं बसायची. बोर्डावर बारा झापड्या. जिकडून फोन येई, त्या तारेची झापडी पडे. पहिल्याच दिवशी तिनं खदानीच्या तळातून येणाऱ्या तारेच्या झापडीच्या वर कुंकवाचा ठिपका लावला. स्वतःच्या कपाळी लावायचा नव्हता, तो तिथं लावला. खाली दुरुस्ती असली की "वीज सोडा" हा निरोप ती त्याच एका तारेवरून घेई. रोज सकाळी कोणत्या फोनापाशी कोण आहे, हेही विचारून वहीत लिही. बिजलीघरातला देवाजी तिच्या शब्दाशिवाय खटक्याची दांडी हलवत नसे.

अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा होता. वीज बंद म्हणून मालगाडीचे डबे सकाळपासून कोळशाविना रिकामे उभे, आणि खाली नत्थू मिस्त्री दोघांना घेऊन केबल जोडत होता. दुपारी झापडी पडली.

"बाई, मी नत्थू बोलून राहिलो. काम झालं. वीज सोडायले सांग."

आवाज हुबेहूब नत्थूचा. पण पडलेली झापडी ऑफिसची.

"नत्थूभाऊ, कोठून बोलून राहिले गा?"

"खालूनच वं."

"मंग ऑफिसची झापडी काहून पडली?"

फोन बंद झाला. थोड्या वेळानं छोटे साहेब चंपतराव स्वतःच दारात आले. मागं केशव कारकून, मान खाली घातलेला. त्याच्या नकलांवर अख्खी कॅन्टीन हसायची.

"नत्थूनं बारा वाजेपर्यंत काम होईल म्हणून सांगितलं होतं. आता दोन वाजले. वीज सोडायला सांगा."

"त्यायले सांगू द्या सायेब."

"तुम्ही मॅनेजर आहात का इथल्या?"

"नाई. मी ह्या बोर्डावरची बाई हावो."

"नोकरी करायची आहे ना?"

"करूनच तं राहिली."

"मी जातो बिजलीघरात. बघतो कोण अडवते!"

भागीरथाबाईनं त्यांच्यादेखतच बिजलीघराच्या फोनाची दोरी बोर्डात खोचली. "देवाजी, सायेब येऊन राहिले. खालची तार बोलत नाई तोवर दांडीले हात लावू नोको."

"साहेब लाथ मारतीन वं बाई!"

"मंग लाथ खाजो."

चंपतराव वळणार तोच कुंकवाच्या ठिपक्याखालची झापडी पडली. तिनं कानावरचा फोन काढून साहेबांच्या कानाला लावला. खालून नत्थू ओरडत होता, "बाई, जोड उघडाच हाय! आमी तिघंई पान्यात उभे हावो. आनखी तासभर वीज नोको!"

साहेबांनी तो हळूच टेबलावर ठेवला. केशव भिंतीला टेकला होता.

चार वाजता खालची तार पुन्हा बोलली, तेव्हा वीज सोडली गेली. पाच वाजता कागद आला: वरिष्ठांचा अपमान केला, पंधरा दिवस कामावर येऊ नये.

"सही करा," शिपाई म्हणाला.

"कायची? अपमान म्या केला नाई. जसा आनला तसाच वापस ने."

तिनं पदराच्या गाठीतली कुंकवाची पुडी सोडली, फिकट झालेला ठिपका बोटानं पुन्हा ठसठशीत केला, वही उघडी ठेवली आणि चपला घातल्या.

खदानीच्या तोंडाशी पाळी संपवून मजूर वर येत होते. ती त्यांच्यासमोरून गेली, मान ताठ, पाऊल सावकाश. कोणाकडं पाहिलं नाही. नत्थू आणि त्याचे दोघं गडी, अंगाला ओला कोळसा तसाच, डोक्यावरचे दिवे न काढता उभे राहिले, आणि सावनेरच्या वळणावर तिचं लुगडं दिसेनासं होईतो पाहत राहिले.