आठवी चूल

पूर्णा तालुक्यातला मिशनचा दवाखाना यंदा नव्या इमारतीत जात आहे. त्यानिमित्त त्याचा इतिहास लिहायचं काम विश्वस्तांनी माझ्याकडे दिलं. मी बरीच वर्षं परभणीला वर्तमानपत्रात होतो आणि माझा जन्म याच दवाखान्यातला. एवढी दोन कारणं त्यांना पुरली.

दवाखाना सुरू करणाऱ्या परदेशी डॉक्टरबाई त्याआधी दक्षिण आफ्रिकेत, झुलू लोकांच्या मुलखातल्या मिशन हॉस्पिटलात होत्या. तिथे लांबच्या वस्त्यांवरच्या गरोदर बायका दिवस भरत आले की हॉस्पिटलच्या आवारात येऊन राहत आणि एकाच मोठ्या भांड्यात रांधून खात. बाईंनी ती पद्धत जशीच्या तशी इकडे आणली. आवारात मातीची गोल खोली बांधली, तीन पायांचं लोखंडी भांडं मांडलं. बायका आल्या, पण भांड्यातलं कुणी खाईना. कुणाच्या हातचं कुणाला चालत नव्हतं. दोन दिवसांत खोली रिकामी झाली. पुढे खोलीमागे वेगवेगळ्या चुली घातल्या गेल्या आणि बायका राहू लागल्या. माझी आईही तिथे पंधरा दिवस होती. बाईंच्या अहवालात सात चुलींची नोंद आहे. मसुद्यात मीही सात लिहिलं.

छापण्याआधी मसुदा मावशीला वाचून दाखवायला गेलो. ती नात्यातली नव्हे; दवाखान्यात जन्मभर आया होती, म्हणून सगळ्यांचीच मावशी. आता ऐंशीच्या पुढे असेल, लेकीकडे राहते. सातच्या आकड्यावर तिने मला थांबवलं.

"आठ," ती म्हणाली.

अहवालात सातच आहेत, असं मी सांगितलं.

"बाईनं ओळ मोजली. माझी चूल ओळीत नव्हती."

वेगळ्या चुलींची युक्ती तिचीच होती. सातही चुली तिनेच घातल्या. बायकांनी त्या शेणाने पुन्हा सारवून घेतल्या, मगच पेटवल्या. तिची स्वतःची चूल लांब, झाडाखाली. तिथला विस्तवसुद्धा कुणी नेत नसे. त्याच बायकांची बाळंतपणं ती करत होती.

"पोटाला हात लावू द्यायच्या," ती म्हणाली. "पातेल्याला न्हाई."

माझ्या आईचं मी विचारलं. तिने आधी लेकीकडे पाहिलं.

"लय भेदरली होती रे. पहिलटकरीण. तू होईस्तोवर माझा हात सोडला न्हाई तिनं. पाणी मात्र दुसरीच्या हातून प्याली."

तक्रारीचा सूर नव्हता. मी तिचं नाव घालतो म्हणालो, तर तिने मान हलवली. "नाव नगं. चूल लिही. नसता नव्या पोरी म्हणतील, आमी समदे एका ओळीत होतो."

विश्वस्तांचे चिटणीस निवृत्त शिक्षक आहेत, भला माणूस. जुनं उकरून कुणाचं काय भलं होणार, असं त्यांनी विचारलं. कार्यक्रमाला सगळ्या गावांचे लोक येणार होते. त्यांची आईही त्याच खोलीत राहिली होती, हे त्यांनीच मला सांगितलं. आठव्या चुलीचं वाक्य काढायचं असेल तर लेखक म्हणून माझं नावही काढा, असं मी म्हणालो. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. चूल राहू द्या, पण कुणाकुणाची आई तिथे होती ते नको. इतरांच्या आईचे उल्लेख मी वगळले. माझ्या आईचा ठेवला.

छपाईआधीचा शेवटचा कागद घेऊन मी पुन्हा मावशीकडे गेलो आणि तेवढा भाग वाचला. चुली आठ होत्या. सात ओळीत होत्या, आठवी लांब चिंचेखाली होती आणि ती सातही चुली घालणाऱ्या आयाची होती. तिच्या चुलीतला विस्तव न घेणाऱ्या बायकांत माझी आई होती.

तिने पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. 

"चिंच न्हाई," ती म्हणाली. "लिंब होता."

मी खिशातला पेन काढून चिंचेच्या जागी कडुलिंब अशी दुरुस्ती केली.