पावतीवरचं नाव

सोमवारी सकाळी माझा धाकटा भाऊ राजारामपुरीतल्या त्याच्या ऑफिसात गेला. दुपारी शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तो गेला होता.

गावोगावच्या दूध संस्थांसाठी तो प्रोग्रॅम लिहायचा. सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की लिटर, फॅट आणि दर छापलेली पावती हातात येते, ते त्याचं काम. पावतीच्या माथ्यावर संस्थेचं नाव असतं. नाव एका शब्दात सांगा, असं तो प्रत्येक सेक्रेटरीला म्हणायचा आणि ते ऐकायचे. मुरगूडजवळच्या एका संस्थेनं मात्र ऐकलं नाही. त्यांना 'श्री'पासून 'सहकारी दूध संस्था'पर्यंत सगळं नाव हवं होतं. वार्षिक सभेआधी करून देतो, असं त्यानं कबूल केलं होतं. सभा जवळ आली आणि सेक्रेटरींचा फोन मला आला. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. संगणक कॅटलॉगपुरता येत होता.

प्रोग्रॅम तयार करायची सगळी कामं त्यानं एका एक्सएमएल फाईलमध्ये लिहून ठेवली होती. ती चालवायची कशी, हे त्याच्याजवळ बसून मी पाहिलेलं होतं. तिच्यातल्या एका ओळीत संस्थेचं नाव होतं. मी जुनं नाव खोडून नवं घातलं, फाईल चालवली आणि प्रोग्रॅम पाठवून दिला.

पावतीवर फक्त 'श्री' आलं. मोकळी जागा दिसेल तिथे ती ओळ नाव तोडत होती आणि पहिला तुकडा तेवढा पुढे जात होता. पण आमच्याकडे लग्नपत्रिकेपासून वाण्याच्या यादीपर्यंत प्रत्येक कागदाच्या माथ्यावर श्री असतोच, त्यामुळे दूध घालणाऱ्या कुणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. सेक्रेटरींच्याही ते उशिरा लक्षात आलं.

"सर, श्री बरा हाय, पर म्होरं आमची संस्था कुठं गेली?" ते म्हणाले. "सभेत नाव दिसलं न्हाय तर संचालक दुसरा प्रोग्रॅम घेणार. तुमच्या भावानं शब्द दिलता."

भावाच्या पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्यात काय दादा, अवतरणचिन्हांत टाका, म्हणाला आणि मीटिंगला गेला. मी टाकलं. फाईल चालेचना. त्या ओळीतला मजकूर आधीच अवतरणचिन्हांत होता. माझं पहिलं चिन्ह लागताच तिला वाटलं, मजकूर संपला. मग भावाच्या कपाटातल्या एका पुस्तकात सापडलं की अशा ठिकाणी चिन्हाऐवजी त्याचं एक सांकेतिक रूप लिहायचं असतं. त्याच पानावर दुसरीही सोय होती: प्रत्येक गोष्ट तिच्या वेगळ्या ओळीत दिली की मोकळ्या जागेवर ती तुटत नाही. आता धोका नको म्हणून मी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"सर, नाव आलं. पर त्याला दोन्हीकडनं टिकल्या का लावल्यात? विरोधक इचारत्यात, ही तथाकथित दूध संस्था हाय व्हय?"

मला हसू आलं नाही. इतकी साधी गोष्ट भावानं मला चहा पिता पिता सांगितली असती. वर टोमणाही मारला असता, की आयुष्यभर पुस्तकं लावलीस, आता एक ओळ लावता येईना? मी रिकाम्या ऑफिसात त्याच्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "अरे, एवढं तरी सांगून जायचंस." आणि स्वतःवरच वैतागलो.

मग पुस्तकातलं ते पान पुन्हा सावकाश वाचलं. वेगळी ओळ दिली की नाव जसं लिहिलं तसं सबंध पुढे जातं, म्हणजे चिन्हंसुद्धा. त्यांची गरजच नव्हती. मी ती काढली आणि बाकी कशालाही हात लावला नाही.

सभेच्या आदल्या संध्याकाळी सेक्रेटरींनी पावतीचा फोटो पाठवला. वर पूर्ण नाव, खाली कुणाच्या तरी म्हशीचं दूध. सभेत प्रोग्रॅम बदलायचा विषय निघाला नाही, असं नंतर कळलं. माझे आभार मानले गेले. मी ते कुणाला पोचवू, कळलं नाही.

ऑफिसची जागा आता सोडली आहे. त्याचा संगणक माझ्या टेबलावर आहे. त्या गावात सकाळ-संध्याकाळ पावती छापली जाते, आणि काही अडलं की फोन मला येतो.