निखिलच्या माणसांचं टेबल

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ओट्याखाली प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर सगळा गठ्ठा अंगावर येतो! मी आयुष्यभर बातमीदारी केली. मंत्र्यांशी भांडलो, संपादकांशी त्याहून जास्त भांडलो. पण माझं ब्लडप्रेशर वाढवलं ते न्यूझीलंडमधल्या एका खेड्यातल्या पबनं. म्हणजे पबनं नाही. तिथे माझ्याबरोबर बसणाऱ्या माणसांनी!

हॅमिल्टन मागे टाकून बराच वेळ गाडी हाकली की टेकडीच्या माथ्यावर हा पब लागतो. जुना, लाकडी. हातपंपानं ओढलेली एल नावाची बिअर, बोटभर जाड चिप्स, मोठ्या खिडकीतून खाली कुरणं आणि पलीकडे निळे डोंगर. मालकीण गेल. आम्ही आपसात तिला गेलबाई म्हणतो. गेलबाईंना आता निवृत्त व्हायचं होतं आणि आमच्या निखिलला तो पब चालवायला घ्यायचा होता. निखिल शिकायला म्हणून इथे आला, दूध काढायच्या मशीन विकणाऱ्या कंपनीत चिकटला, पण जीव सगळा त्या पबमध्ये.

"आधी गिऱ्हाईक म्हणून ये," गेलबाई त्याला म्हणाल्या. "आणि येताना तुझी माणसं घेऊन ये. पब माणसांवर चालतो. मी त्यांना बघते, मग ठरवते."

निखिलची माणसं साताऱ्यात. इथे आम्ही तिघंच. ऑकलंडच्या फ्लॅट बुशहून मी. तिथल्याच ओटाहुहूहून मंजिरी, फार्मसिस्ट, कट्टर शाकाहारी. आणि हॅमिल्टनचे डॉक्टर फाटक, भूलतज्ज्ञ. त्यांच्या गप्पा ऐकल्या की यांना औषध कशाला लागत असेल, असा प्रश्न पडतो. दर रविवारी गाडीतून उतरताना निखिल हात जोडायचा, "काका, प्लीज. आज काही नको!"

* * *

पहिल्याच रविवारी दाराबाहेर गमबुटांची रांग होती. शेतकरी चिखलाचे गमबूट बाहेर काढून जाड मोज्यांवर आत जातात, एवढाच त्याचा अर्थ. निखिल गाडी लावायला गेला होता, त्यामुळे अर्थ सांगायला कुणी नव्हतं.

"बघा, काय संस्कृती आहे!" म्हणत डॉक्टरांनी पॉलिश केलेले बूट काढले. मंजिरीनं जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, काढल्या. तिघांत आपण एकट्यानंच बूट घालून जायचं बरं दिसत नाही म्हणून मीही काढले. आत पाहतो तर गमबूटवाले सोडून बाकी सगळं पब्लिक बूट घालून बसलेलं!

गेलबाईंनी मंजिरीच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. म्हणाल्या, "समुद्र अजून तासभर लांब आहे, डिअर."

जेवून बाहेर आलो तर डॉक्टरांचा एक बूट गायब. ट्रेव्हर म्हणून एक म्हातारा गवळी रोज बारपाशी बसतो, त्याच्या कुत्र्यानं तो कुरणात नेऊन पुरला होता. डॉक्टर एका बुटावर आणि एका मोज्यावर गाडीकडे निघाले आणि चिडून म्हणाले, "देवळात निदान दोन्ही तरी जातात हो!"

* * *

दुसऱ्या खेपेला बूट पायातच ठेवून टेबलावर बसलो. बसूनच राहिलो. कुणी ऑर्डर घ्यायलाच येईना! मागच्या वेळी ते सगळं निखिलनं पाहिलं होतं. आज त्याला रस्त्यात कंपनीचा फोन आला होता, तो बाहेर डेकवर बोलत होता. डॉक्टरांनी हात वर करून पाहिला, चुटक्या वाजवून पाहिल्या. पाऊण तास झाल्यावर माझ्यातला बातमीदार जागा झाला. मी तडक काउंटरवर गेलो.

"मॅडम, आम्ही पाऊण तास वाट बघतोय!"

"मीसुद्धा," गेलबाई शांतपणे म्हणाल्या. "ऑर्डर इथे येऊन द्यायची असते."

आता, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलंही. जरा मोठ्यानं सांगितलं. फोन संपवून आत आलेला निखिल दारातूनच परत फिरला.

* * *

एल म्हणजे बर्फगार बिअर नव्हे. ती तळघरातल्या गारव्याइतकीच गार असते. हे निखिलनं गाडीत समजावून सांगितलं होतं. डॉक्टरांनी मान डोलावली होती. पेशंटचे नातेवाईक डोलावतात तशी.

पहिला घोट घेतल्याबरोबर डॉक्टर ओरडले, "गेल! आइस, प्लीज! हीप्स!" म्हणजे ढीगभर.

ट्रेव्हरनं आपला ग्लास छातीशी धरला. गेलबाई आत गेल्या, बर्फानं भरलेली बादली घेऊन आल्या आणि डॉक्टरांचा ग्लास तिच्यात नीट रोवून ठेवला.

"बर्फ बाहेरून," त्या म्हणाल्या. "आत माझी एल आहे."

* * *

खिडकीजवळचं टेबल मिळावं म्हणून हल्ली लोक आठवडा आठवडा आधी फोन करतात. निखिलनं ते मिनतवाऱ्या करून मिळवलं. त्या दिवशी डोंगर असे दिसत होते की माझ्यासारखा माणूससुद्धा गप्प बसला. मंजिरीनं व्ह्यूचे फोटो काढले. डॉक्टरांनी व्ह्यूसकट स्वतःचे काढले. मग मंजिरी म्हणाली, "ऊन येतंय बाई डोळ्यांवर," आणि डॉक्टरांनी सर्रकन ब्लाइंड खाली ओढली.

अर्धा दिवस गाडी चालवून आलेले आम्ही, बंद पडद्याशेजारी बसून फोनवर डोंगर बघतोय! वर डॉक्टर म्हणतात, "काय भारी आलाय हो व्ह्यू!"

निखिल उठला आणि ब्लाइंड वर केली. डोंगर पुन्हा दिसू लागले.

"अरे लाव ना," मंजिरी वैतागली, "फोनवर काही दिसत नाहीये!"

* * *

आता माझाही एक सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकतो. पण यात चूक माझी नव्हती, हे आधीच नोंदवून ठेवतो. बारच्या वर पाटी आहे, 'या भागातला सर्वांत जुना पब'. त्याच रस्त्यावर अलीकडे एक पब आहे, त्याच्यावरही हीच पाटी. तिन्ही पबांपैकी दोन खोटे असणार, कारण पुढे अशीच पाटी लावलेला आणखी एक आहे! मी गेलबाईंना सरळ विचारलं, "पुरावा काय?"

"माझे आजोबा सांगायचे."

"ऐकीव माहिती! आजोबांना कुणी सांगितलं?"

"काका," निखिल कानाशी कुजबुजला, "मला तिच्याकडून पब घ्यायचाय. कबुलीजबाब नाही."

मी म्हटलं, अरे, तुझ्याच भल्यासाठी विचारतोय. उद्या पाटी तुझ्या गळ्यात येईल! तो पाणी प्यायला उठून गेला. गेलबाई मात्र पाटीकडे बघत बराच वेळ उभ्या होत्या.

* * *

इकडच्या पबमध्ये मीट रॅफल असते. तिकिटं विकायची, पैसे गावच्या मुलांच्या रग्बीला, आणि बक्षीस म्हणजे ट्रेभर कच्चं मांस. मंजिरीनं मुलांसाठी म्हणून एक तिकीट घेतलं. या बाईचा चिप्सच्या तेलावरून गेलबाईंशी तीन वेळा वाद झाला होता, "याच तेलात मासे तळता का?" म्हणून. अर्थातच नंबर तिचाच लागला!

सगळ्या पबनं टाळ्या वाजवल्या. गेलबाईंनी सॉसेजेस, चॉप्स आणि उशीएवढा रोस्ट असा ट्रे तिच्यासमोर ठेवला. मंजिरीनं डोळे मिटले, खुर्ची मागे सरकवली आणि अगदी मृदू आवाजात विचारलं, "याच्या बदल्यात फ्लॉवर मिळेल का?"

"अगं थांब, मी घेतो!" डॉक्टर धावले. ट्रे उलटसुलट करून पाहिला आणि गेलबाईंना म्हणाले, "सगळं पोर्कच दिसतंय. मटण नाही?"

निखिलनं कपाळ टेबलावर टेकवलं. ते बराच वेळ तिथेच होतं.

* * *

शेवटी गेलबाईंचा निरोप आला, या रविवारी निर्णय सांगते. निखिलनं आम्हाला आदल्या दिवशी घरी बोलावून तालीमच घेतली. बूट पायात. ऑर्डर काउंटरवर. बर्फ नाही, तेल नाही, पुरावा नाही. "फक्त माणसांसारखं बसा," तो म्हणाला. कंपनीला राजीनामा लिहून ठेवला होता त्यानं.

आणि बसलो आम्ही! हात मांडीवर. समोर एल, तिचे छोटे घोट. नजर खिडकीबाहेर. कुणी एक शब्द बोललं नाही. मंजिरीनं चिप्स खाल्ल्या, न विचारता.

हळूहळू लोक आमच्याकडे बघून हळू आवाजात बोलायला लागले. मग ट्रेव्हर उठला, टोपी काढून आमच्या टेबलाशी आला आणि डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सॉरी, मेट. कोण गेलं?"

गेलबाई काउंटर सोडून बाहेर आल्या. "निखिल, काय झालंय तुझ्या माणसांना?"

निखिलला खोटं बोलता येत नाही. "काही नाही. माझ्यासाठी नीट वागतायत. तुम्ही पब द्यावा म्हणून."

गेलबाई खुर्ची ओढून बसल्या. "नीट?" त्या म्हणाल्या. "अरे, पूर्वी रविवारी इथे ट्रेव्हर, त्याचा कुत्रा आणि चार-दोन शेतकरी, एवढेच असायचे. आता हा हॉल बघ. हे लोक काय एलसाठी येतात? आज हे तिघं काय करतात ते बघायला येतात! पब तुझा. पण अट एकच. ही तुझी माणसं दर रविवारी याच टेबलावर पाहिजेत. तू पब चालवशील तोपर्यंत."

डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तिघंही निखिलकडे बघत होतो.

निखिलनं डॉक्टरांकडे पाहिलं. मंजिरीकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग गेलबाईंना म्हणाला, "मला दोन दिवस द्याल? विचार करून सांगतो."